पोटावर टाक्याची खूण नाही, तरी आतडं अडलंय

प्रश्न (वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय)
नऊ वर्षांची मुलगी. दोन महिने अधूनमधून पोटदुखी, दर वेळी जंताचं औषध घेऊन घरी. आता तीन दिवस शी नाही, वारा सरत नाही, कालपासून उलटी हिरवी. ऑपरेशन कधीच नाही. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत चार-पाच पाण्याच्या पातळ्या, म्हणजे आतडं अडल्याची खूण. सोनोग्राफीवाले म्हणतात, 'गॅसमुळे दिसत नाही'. बेंबीच्या वर डावीकडे काहीतरी कडक लागतं. टीबी आणि ॲपेंडिक्स सोडून काय धरू? पाठवण्याआधी इथे काय करू?

प्रतिसाद (बालशल्यचिकित्सक)
हिरवी उलटी म्हणजे पित्त. मुलांमध्ये ती दिसली की आतड्याला पीळ पडलाय असंच धरायचं, नाही असं ठरेपर्यंत. मालरोटेशन (आतडं जन्मापासूनच पोटात नीट न वळलेलं) असेल तर नऊ वर्षांनीही पीळ पडतो आणि काही तासांत आतडं काळं पडतं. सर्जनला आत्ताच फोन करा. तोंडाने काही नको, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घालून उघडी सोडा, सलाईन किलोला 10 ते 20 मिली, मग पुन्हा तपासा. लघवी होईपर्यंत पोटॅशियम नको. जुलाब होण्याचं औषध अजिबात नको. जंताचंही नको: जंतांचा गोळा अडकलेला असेल तर तो आणखी घट्ट होतो.

मग चड्डी उतरवून जांघा पाहा, अडकलेला हर्निया लाजेपायी निसटतो. नडग्यांवर हाताला लागणारे जांभळे ठिपके असतील तर एचएसपी (बारीक रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार). त्यात बऱ्याचदा लहान आतडंच लहान आतड्यात शिरतं, ते सोडवायला गुदद्वारातून दिलेली एनिमाची हवा तिथवर पोचत नाही.

आणि केस विलग करून डोकं पाहा. वरचा तो गोळा केसांचा असू शकतो. केस पचत नाहीत, जठरात गुंतत जातात. त्यांचं शेपूट लहान आतड्यात उतरतं, नाहीतर तुकडा सुटून खाली अडकतो.

प्रतिसाद (रेडिओलॉजिस्ट)
केसांचा गोळा सोनोग्राफीत पांढऱ्या कमानीसारखा दिसतो, मागे नुसती गडद सावली. 'गॅस' असा रिपोर्ट पडतो तो इथेच. पिळासाठी प्रोब आडवा धरा: आतड्याची मोठी शीर धमनीच्या उजवीकडे हवी. ती धमनीभोवती गुंडाळलेली दिसली तर थेट ऑपरेशन थिएटर. जागेवर दिसली तरी मालरोटेशन सुटलं असं नाही.

एक्स-रे कुशीवरचाही काढा. मुलीने चुंबकं गिळली असतील तर एकामागे एक असलेली दोन चुंबकं समोरून एकच दिसतात. ती आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांत असली तर मधल्या भिंती चिमटून भोक पडतं.

प्रश्नकर्ता
उजव्या कानामागे दोन बोटं रुंद जागेत केस तुटके, आखूड. आई सांगते, झोपताना वेणीचं टोक तोंडात असतं. हिमोग्लोबिन 7.2. दुर्बिणीतून निघेल का?

प्रतिसाद (बालशल्यचिकित्सक)
एवढा मोठा बहुतेक नाही. ओढताना तुकडे सुटून पुढे सरकतात. जठर उघडून अख्खा काढावा लागतो आणि खालचं सगळं आतडं हाताने चाचपून दुसरा गोळा शोधावा लागतो. चिठ्ठीवर 'केसांचा गोळा?' असं ठळक लिहा, म्हणजे तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होणार नाही. रक्तगट आणि क्रॉसमॅचचा (रक्त जुळवून पाहण्याचा) नमुना सोबत द्या.

आईला मुलीवर रागावू देऊ नका. घरी सोडण्याआधीच मानसोपचारतज्ज्ञांची तारीख घ्यायला सांगा. केस खाणं चालू राहिलं तर गोळा पुन्हा होतो.