'कर' एकट्या कोकणाचं नाही

वर एकांनी लिहिलंय की आडनावात 'कर' आलं की माणूस कोकणातला. आमच्या मराठवाड्यात हे लागू पडत नाही. इथे पाटील गावोगाव, कारण ते वतनावरून आलेलं आडनाव. मग कोणता पाटील? तर गाव जोडायचं. शिवराज पाटील चाकूरकर, शिवाजीराव पाटील निलंगेकर. दोघेही लातूर जिल्ह्यातले, चाकूर आणि निलंगा थेट नावातच. देशमुख-देशपांडे परगण्याचे, कुलकर्णी गावच्या हिशेबाचे, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाळण्यातली नावंही बघा ना! परळीमुळे वैजनाथ, औंढ्यामुळे नागनाथ, पैठणमुळे एकनाथ. एकाच गल्लीत दोन वैजनाथ सहज सापडायचे. हल्ली बारशाला ही नावं फारशी ऐकू येत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.