उंचीवरची माती सरसकट निकस नसते
मातीवरच्या एका ऑनलाइन चर्चेत कुणीतरी लिहिलंय की डोंगरात जितकं वर जाल तितकी माती निकस होत जाते. अर्धंच पटतंय. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ ते ६.५ अंशांनी उतरतं, थंडीत जिवाणू-बुरशी सुस्तावतात, मग पाला-मुळं कुजायला प्रचंड वेळ लागतो आणि सेंद्रिय कार्बन साठत जातो, म्हणून हिमालयात जंगलात आणि त्यावरच्या कुरणांत वरचा थर चांगला काळा दिसतो. आमच्या ऐरोलीच्या बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं दोन-अडीच महिन्यांत खत होतं, तिकडे तेच काम फ्रीजमध्ये चाललंय म्हणा ना. अर्थात कार्बन भरपूर म्हणजे पीक जोमात असं नाही, पिकाला लागणारा नायट्रोजन त्या अर्धवट कुजलेल्या पाल्यातच अडकून पडतो. आणखी वर कुरणं संपली की मात्र खरंच उतरती कळा, पालाच नाही, नुसता गोठण्या-वितळण्याने फुटलेल्या दगडांचा चुरा.

आणि पावसाचं त्या चर्चेत कुणी नावच काढलं नाही! हिमाचलमधली हामटा पास ही खिंड केली (४२७० मीटरच्या आसपास आहे) तेव्हा कुल्लूच्या बाजूला काळी ओली माती बुटांना चिकटत होती आणि खिंड ओलांडून लाहौलमध्ये उतरलो तर राखाडी, रेताड, धूळच धूळ. कुल्लूसारख्या पावसाच्या बाजूला कॅल्शियम वगैरे धुऊन जातं, माती आम्लधर्मी होते. कोरड्या बाजूला, पुढे स्पिती-लडाखकडे तर चुना तिथेच राहतो, सामू (pH, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) बहुतेक ठिकाणी ७ च्या वरच. त्यामुळे उंचीवरच्या मातीचे आकडे कुणी दिले तर ते पर्वताच्या कुठल्या बाजूचे आहेत ते कळलं तर बरं होईल.