मदत हवी आहे: खिरापतीच्या डब्याचा आवाज कॉम्प्युटरवर नीट कसा रेकॉर्ड करायचा?

डब्यात_काय

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, गावभागातली. गाण्यातलं थोडं कळतं, कॉम्प्युटरमधलं त्याहून थोडं.

हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या आसपास लागतं, म्हणजे हादग्याला अजून तीनेक आठवडे आहेत. (पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात, तोच.) आमच्या वाड्याचं अपार्टमेंट झालं, तरी गच्चीवर पाट मांडून, हत्ती काढून फेर धरायचं आम्ही सोडलेलं नाही. गेल्या वर्षी पोरींनी स्पीकर आणला आणि गाण्यांखाली मोबाइलमधला तयार ढिंच्याक बीट लावला. मी नाक मुरडलं. तर मोठी पुतणी म्हणाली, "मग तू कर की काकू." आता बोलायची सोय राहिली नाही.

तर बीट घरातल्याच वस्तूंचा करायचा असं ठरवलंय. खलबत्ता, पोळपाट-लाटणं, सुपात पाखडलेली ज्वारी, किसणीवर फिरवलेला चमचा, पितळी घागर. आणि मुख्य म्हणजे खिरापतीचा डबा. हादग्यात खिरापत ओळखताना डबा हलवून दाखवतात, त्या आवाजावरून शेंगदाणे की बत्तासे की चुरमुरे ते सांगायचं. माझी परीक्षा तीच आहे: रेकॉर्डिंग ऐकून खिरापत ओळखता आली पाहिजे. सध्या काहीच ओळखता येत नाही. सगळ्या डब्यांत वाळू भरल्यासारखं वाटतं.

लॅपटॉप साधा, विंडोज ११, माइक त्याच्यातलाच. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, कारण फुकट. अडचणी अशा:

डबा हलवला की पहिलं "खळ्ळ" झकास येतं, पुढचं सगळं बुजतं. खलबत्त्याचंही तेच. पहिला ठोका ठणठणीत, चौथा शेजारच्या घरातून आल्यासारखा.

एका आवाजावर दुसरा वाजवून रेकॉर्ड केला की दुसरा उशिरा पडतो. हाताने सरकवून बसवते, पण अर्ध्या मिनिटाने पुन्हा जमत नाही. कानात ब्लूटूथचा नेकबँड असतो.

आणि सगळ्याखाली एक "हंऽऽ" असा घरघराट.

नवीन माइक घ्यायचं बजेट नाही, हे आधीच सांगते.

नुसतीच_टाळी

लॅपटॉपच्या माइकवर तालवाद्य रेकॉर्ड करणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. एखादा बरा कंडेन्सर माइक आणि छोटा ऑडिओ इंटरफेस घ्या, प्रश्न संपला.

डब्यात_काय

शेवटची ओळ वाचली नाहीत वाटतं. :)

वाकळ

ताई, माइक इतका वाईट नसतो. तुमचा पहिला ठोका ठणठणीत येतोय, यातच उत्तर आहे. माइक खराब असता तर पहिलाही खराब आला असता.

हल्लीचे लॅपटॉप व्हिडिओ कॉलसाठी ट्यून केलेले असतात. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकी सगळं "गोंगाट" समजून दाबायचं, हे काम आतलं सॉफ्टवेअर गुपचूप करत असतं. मीटिंगमध्ये मागे कोणी भांडी घासत असेल तर ऐकू येऊ नये म्हणून. आणि तुम्ही नेमकी भांडीच रेकॉर्ड करताय! पहिला ठोका त्याला कळायच्या आत निसटतो, मग ते सावध होतं आणि पुढचे दाबतं. शिवाय मोठा आवाज आला की माइकची पातळी आपोआप खाली ओढणारीही एक सोय असते, तीही त्यात भर घालते.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड, तिथे इनपुटखाली तुमचा माइक उघडा. "ऑडिओ एनहान्समेंट्स" दिसेल, ते ऑफ करा. लॅपटॉप कंपनीने स्वतःचं वेगळं नॉइज कॅन्सलिंगचं अ‍ॅप दिलेलं असेल तर तेही बंद. ते बऱ्याचदा घड्याळाजवळच्या बाणात लपलेलं असतं. मग इनपुटची पातळी इतकी कमी करा की सगळ्यात जोरदार ठोका ऑडॅसिटीच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल. शून्याला टेकला की लाटेचा शेंडा कापला जातो, आणि कापलेला शेंडा नंतर परत आणता येत नाही.

अजून एक विचारायचं राहिलं. लॅपटॉप आणि खलबत्ता एकाच टेबलावर असतात का?

डब्यात_काय

एकाच ओट्यावर! का?

वाकळ

मग ओट्याचा दणका थेट माइकमध्ये शिरतोय, हवेतून यायची गरजच नाही त्याला. खलबत्ता जमिनीवर, खाली चौघडी घातलेली वाकळ. लॅपटॉप वेगळ्या स्टुलावर, हात-दीड हातावर. दुसरी वाकळ पाठीमागच्या भिंतीवर टांगा, कारण स्वयंपाकघरात फरशा आणि टाइल्स असतात, आवाज तिथे चेंडूसारखा उसळतो. माझ्या आयडीवर हसणाऱ्यांना आता कळलं असेल हे नाव का घेतलं ते. आमच्या आजीच्या चार वाकळांवर माझा अख्खा "स्टुडिओ" उभा आहे, साताऱ्यात.

घरघराटाचं: पंखा बंद, फ्रिज पाच मिनिटं बंद (नंतर सुरू करायला विसरू नका, मी विसरलोय, दूध नासलं होतं), आणि चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिची भुणभुण ५०, १००, १५० अशा पटींत येते. चार्जर काढल्यावर थांबली तर कारण तेच.

मागवाला_विटा

आमच्या विट्यात यंत्रमागाचा खडखडाट दिवसरात्र, त्यामुळे असलं रेकॉर्डिंग आम्ही लाइट गेल्यावरच करतो. माग बंद, पंखे बंद, फ्रिज बंद. लाइट गेल्याचा आनंद होणारा मी तालुक्यातला एकमेव माणूस असेन.

नॉइज रिडक्शनबद्दल एक सांगतो. ऑडॅसिटीत नुसत्या घरघराटाचा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून त्याचं प्रोफाइल घ्यायचं, मग पूर्ण ट्रॅक निवडून इफेक्ट लावायचा. किती डेसिबल कमी करायचे ते तिथे भरायचं असतं. तुमच्यासाठी ६ करा. डबा, सूप, किसणी यांचा आवाज मुळातच खरखरीच्या जातीचा, त्यामुळे जास्त लावलात तर घरघरीबरोबर ज्वारीही जाईल आणि उरलेलं पाण्याखालून बोलल्यासारखं वाटेल.

डब्यात_काय

एनहान्समेंट्स ऑफ केलं आणि मी अक्षरशः ओरडले. डबा वाजतोय! शेंगदाण्यांचा बोदा "खडड" आणि चुरमुऱ्यांचं "सळसळ" वेगळं ऐकू येतंय. वाकळदादा, तुम्हाला साष्टांग. चार्जर काढल्यावर घरघरही जवळपास गेली.

वेगवेगळ्या वस्तू डब्यात घालून बघितल्या. सांगलीत दोन गोष्टींना तोटा नाही, हळद आणि बेदाणा. हळकुंडं स्टीलच्या डब्यात अशी वाजतात की लेझीमच जणू. बेदाणा मात्र वाजतच नाही, मऊ पडतो, मुका बसतो. बत्ताशांचा आवाज सगळ्यात गोड, पण दहाव्या टेकला त्यांचा चुरा झाला आणि आवाज मेला.

आता उशिरा पडण्याचं बघा कुणीतरी.

मागवाला_विटा

नेकबँड काढा आधी. ब्लूटूथमध्ये आवाज कानात पोचायलाच १०० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात, त्याहून जास्तही. तुम्ही ऐकून वाजवता, म्हणजे तेवढ्या उशिराच वाजवता. वायरवाला साधा इअरफोन लावा.

तरी थोडा फरक राहील. तो मोजून काढायचा. ऑडॅसिटीत जनरेटमधून रिदम ट्रॅक बनवा, इअरफोनचा बोळा लॅपटॉपच्या माइकला टेकवा आणि तो टकटकाट दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. झूम करून मूळ टक आणि रेकॉर्ड झालेली टक यांतलं अंतर बघा. प्रेफरन्सेसच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये लेटन्सी (म्हणजे हा उशीर) भरून काढणारं लेटन्सी कॉम्पेन्सेशन असतं, तिथे उणे १३० मिलिसेकंद आधीच असतात. समजा तुमची टक अजून ४० ने मागे पडतेय, तर उणे १७० करा. पुढे पडत असेल तर उलटं. पुन्हा एकदा तपासायचं, की काम झालं.

नुसतीच_टाळी

आणि अर्ध्या मिनिटाने जमत नाही ते लेटन्सीमुळे नाही. लेटन्सी सगळीकडे सारखी असते, एकदा सरकवलं की शेवटपर्यंत बसायला हवं. तुमचा हात पळतोय. राग मानू नका, सगळ्यांचा पळतो.

म्हणून मी म्हणेन, सगळं क्लिकवर (रिदम ट्रॅकच्या टकटकीवर) घ्या आणि प्रत्येक ठोका कापून ग्रिडवर, म्हणजे सारख्या अंतराच्या खुणांवर, चिकटवा. तुमची चाल सहा मात्रांची आहे का? मिनिटाला ८० टाळ्या धरा, एका टाळीत तीन मात्रा, म्हणजे टाळीला ०.७५ सेकंद आणि मात्रेला ०.२५. रिदम ट्रॅकमध्ये टेम्पो २४० आणि बारमध्ये ६ बीट टाका.

डब्यात_काय

सहाचीच आहे. पण हादग्यात पोरी फेर धरतात तेव्हा लय वाढतेच की हो. पहिल्या गाण्याला चालतात, शेवटच्याला धावतात. ग्रिडवर चिकटवलं तर गेल्या वर्षीच्या ढिंच्याकात आणि माझ्यात फरक काय?

नुसतीच_टाळी

फरक आवाजाचा. लय डगमगली तर ती "घरगुती" वाटत नाही, चुकलेली वाटते.

तंबोऱ्याचा_भोपळा

मध्ये बोलतो, मिरजेहून. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. जो ठोका फेराचा पाय पडायला लागतो, म्हणजे पहिली आणि चौथी मात्रा, तो क्लिकवर घ्या. खलबत्ता तिथे ठेवा. डबा आणि सूप मात्र कापून चिकटवू नका, ते सलग दोन-तीन मिनिटं हाताने वाजवून घ्या. लय वाढवायची असेल तर गाण्यागणिक क्लिकच वाढवा: ८०, ८४, ९०.

कापायचंच असेल तेव्हा एकच ठोका कॉपी-पेस्ट करू नका. तोच "खळ्ळ" चाळीस वेळा आला की कानाला लगेच मशीन कळतं. प्रत्येक वस्तूचे हलके-मध्यम-जोरदार धरून पाच-सहा टेक घ्या आणि आलटून पालटून लावा. निवडलेल्या तुकड्यावर झेड दाबलंत की त्याच्या कडा लाट शून्यावरून जाते तिथे सरकतात, त्यामुळे जोडाच्या जागी "टिक" येत नाही. शेपटीला दहा मिलिसेकंदांचा फेड आउट द्या, म्हणजे आवाज हळूहळू विरेल. प्रत्येक तुकड्याला कंट्रोल बी ने लेबल लावून नाव द्या, म्हणजे नंतर सगळे एकदम वेगवेगळ्या फाइलींत काढता येतात. "डबा शेंगदाणे हलका ३" असं नाव द्या. "नवीन १", "नवीन १ फायनल" असं केलंत तर हादगा पुढच्या वर्षी.

घागर रेकॉर्ड करणार आहात ना? तिच्यात दोन आवाज असतात. पाणी भरत जाल तसा कडेवर बोटाने मारलेला "टण्ण" खाली उतरतो, कारण पाण्याचं वजन पत्र्याला जड करतं. आणि तोंडावर तळवा मारलेला "बुम्म" वर चढतो, कारण आतली हवेची जागा कमी होते. नळाखाली घागर भरताना बघायला लागत नाही, आवाज चढला की भरत आल्याचं कळतं, तेच हे. अर्धी, पाऊण, भरलेली अशा तीन पातळ्यांवर घेतलंत तर एका घागरीत सहा वाद्यं. फक्त तोंडावर मारताना हवेचा झोत माइकवर जाऊ देऊ नका, लॅपटॉप बाजूला ठेवा.

खर्जासाठी एक गंमत. आमच्या सतारमेकर गल्लीत तडकलेला, तंबोऱ्याला न चालणारा भोपळा कुणाकडे पडलेला असेल तर मागून बघा. अर्धा कापलेला भोपळा पाण्याने भरलेल्या टबात पालथा घाला आणि कापड गुंडाळलेल्या लाटण्याने वरून मारा. पश्चिम आफ्रिकेत बायका असा पाण्यातला ढोल वाजवतात. मिरजेच्या सतारीला-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तडकलेल्या भोपळ्याला आम्हीच विचारायचं.

वाकळ

भोपळा भारी! पण ताई, गच्चीवरचा स्पीकर छोटा ब्लूटूथचा असेल तर खर्ज त्यातून येणारच नाही, हेडफोनवर छाती हलेल आणि गच्चीवर शांतता. म्हणून प्रत्येक "बुम्म" बरोबर त्याच क्षणी पोळपाटाचा एक कोरडा "टक" खाली हळू ठेवा. कान टक ऐकतो आणि बुम्म आपल्या मनाने भरून घेतो. मिक्स करताना एकदा त्याच स्पीकरवर ऐकाच.

डब्यात_काय

चार दिवसांनी लिहितेय. वायरचा इअरफोन लावला, मोजलं, माझ्याकडे उणे १६५ ला जुळलं. खलबत्ता क्लिकवर, डबा-सूप हाताने. टाळी साहेबांना कळवते की पहिल्या गाण्याचा हात खरंच पळत होता, चांगला अर्ध्या मात्रेने. पुन्हा वाजवला.

भोपळा मिळाला! धुणं भिजवायच्या टबात घातला, आमचे हे दोन वेळा विचारून गेले की नक्की काय चाललंय. आवाज असा की शेजारच्या काकूंनी वर ढग वाजले का ते बघितलं.

काल रात्री धाकट्या पुतणीला काही न सांगता नुसते डब्यांचे तुकडे ऐकवले. शेंगदाणे बरोबर. चुरमुरे बरोबर. हळकुंडाला "खारीक" म्हणाली, तेही चालेल. बत्ताशाला मात्र म्हणाली, "साखर." मी म्हटलं चूक. मग फाइलचं नाव बघितलं: "डबा बत्तासे मध्यम ११". अकरावा टेक. तोवर डब्यात चुराच उरला होता.

उद्या हरभट रोडवरून पाव किलो बत्तासे आणते. एका वेळी नऊच टेक.