मदत हवी आहे : पावसाळ्यातील बुरशी, गाजर गवत आणि मुलीचा दमा

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात मातीच्या भिंतींच्या कौलारू घरात राहतो आणि माझ्या ८ वर्षांच्या मुलीला दमा आहे. जून ते सप्टेंबर या काळात भिंतींना ओल धरते, कपाटामागे आणि गाद्यांवर काळपट बुरशी चढते आणि मध्यरात्रीनंतर तिचा खोकला हमखास उसळतो. पाऊस ओसरल्यावर सुटका होईल असे वाटते, पण तेव्हा रस्त्याकडेचे गाजर गवत फुलून परागकण उडू लागतात, मग शिंका, डोळ्यांची खाज आणि मागोमाग धाप सुरू होते.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळीतून) रोज घ्यायला आणि नंतर चूळ भरायला सांगितले आहे. पंपाची सवय लागते, ही घरातील मोठ्यांची भीती त्यांनी दूर केली. त्यामुळे औषध आम्ही थांबवणार नाही.

अडचण घराची आहे. पावसात कपडे चुलीजवळ वाळवावे लागतात. त्यामुळे घरात दमटपणा वाढतो आणि धूरही होतो, आणि दोन्ही तिला सोसत नाहीत. मातीच्या भिंतींवरील बुरशी कोणी कायमची घालवली आहे का, आणि कशी? चुन्याचा हात दिल्याने फरक पडतो का? आर्द्रता ५० टक्क्यांपर्यंत आणणारे यंत्र अशा फटींच्या घरात उपयोगी पडेल का? बेळगाव किंवा कोल्हापुरात मुलाची त्वचेवरील ॲलर्जी चाचणी कोणी करून घेतली असल्यास, त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या किती दिवस बंद ठेवायला सांगितल्या होत्या, हेही कृपया कळवावे.