मदत हवी आहे: ‘पॅल’च्या व्युत्पत्तीतली मधली पायरी

मंडळी, इंग्रजी ‘पॅल’ म्हणजे दोस्त. हा शब्द 17व्या शतकात इंग्लंडमधल्या रोमानी बोलीतून इंग्रजीत आला. (रोमानी म्हणजे युरोपातल्या रोमा ऊर्फ ‘जिप्सी’ लोकांची, मूळ भारतीय भाषा.) युरोपातल्या रोमानीत ‘फ्रल’ म्हणजे भाऊ, मूळ ‘भ्रातृ’. तिथे ‘भ’चा ‘फ’ झाला, स्वरांमधल्या ‘त’चा ‘ल’. ‘र’ टिकला, तो इंग्लंडातल्या बोलीत गळाला. आपल्या ‘भाऊ’तून मात्र ‘र’ आणि ‘त’ दोन्ही प्राकृतातच गेले.

कोशात नुसतं ‘संस्कृतातून’ लिहिलं की रोमानीचं श्रेय पुसलं जातं, म्हणून नियम सोदाहरण द्यायचा आहे. ‘त’चा ‘ल’ झालेले आणखी रोमानी शब्द कोणी सांगेल का? ‘गत’वरून रोमानी ‘गेलो’ हाताशी आहे. (मराठी ‘गेला’ सुचवू नका, त्यातला ‘ल’ वेगळ्या वाटेने आलाय!) शब्दासोबत अर्थ आणि रोमानीची बोलीही लिहा.