साखळी धरून झाड वाचत नाही, म्हणे!

टेकडीवाला
काल इथे एकाने लिहिलं: "मानवी साखळ्या म्हणजे रविवार सकाळचा टाइमपास. हवामानबदलाची एवढी काळजी असेल तर झाडतोडीच्या नोटिशीवर कायद्याने दिलेली हरकत नोंदवा." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुंबईच्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायची होती, तिथे हरकती कमी पडल्या होत्या का? हजारोंनी गेल्या. तरी ऑगस्ट 2019 मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने मंजुरी दिलीच. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 7 तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. कागद सगळे व्यवस्थित होते हो!

उलट पर्यावरण आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल ते आधी तपासायच्या नियमांचा, केंद्र सरकारचा 2020 चा मसुदा बघा. जनसुनावणीच्या नोटिशीची मुदत 30 दिवसांवरून 20 वर आणायला निघाले होते. ऐन लॉकडाऊनमध्ये एवढा गोंगाट झाला की तो अंतिम झालाच नाही.

आवक-जावक
तो 'एक' मीच. 2020 चा गोंगाट म्हणजे काय होतं? ईमेलने पाठवलेल्या लाखो हरकतीच की! आणि मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढली, 22 भाषांत भाषांतर करायला सांगितलं गेलं, ते दिल्ली उच्च न्यायालयाच्या 30 जूनच्या आदेशाने. तिथे साखळी नव्हती, याचिका होती.

आता हरकतीबद्दल. झाडाला नोटीस चिकटली की सात दिवस मिळतात. त्यातले तीन "कोणीतरी काहीतरी करा" असे मेसेज फिरवण्यात जातात. मग एकच मजकूर पाचशे जण पाठवतात: "झाडे आपल्याला प्राणवायू देतात, कृपया तोडू नका." सुनावणीच्या इतिवृत्तात त्याची एक ओळ होते: 'समान आशयाच्या हरकती, विचारात घेतल्या.' संपलं.

हरकतीत नोटिशीचा क्रमांक आणि तारीख हवी, यादीतला झाडाचा क्रमांक हवा, आणि जमिनीपासून साडेचार फुटांवर टेपने मोजलेला घेर हवा. घेर का, तर राज्याच्या वृक्ष कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात आणि पन्नाशी गाठलेलं झाड 'हेरिटेज' ठरतं. वय काढतात घेरावरून. 200 सेंटिमीटर घेराला वर्षाला अडीच सेंटिमीटर वाढ धरली तर 80 वर्षं, पाच धरली तर 40. एका आकड्यात झाड हेरिटेजमधून बाहेर! वाढीचा दर कुठून घेतला, हे लेखी विचारा. आणि पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक नसेल तर हरकत दिलीच नाही असं समजा.

मतदारयादी
दोघांनाही मूळ दुखणं दिसत नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ प्रशासकच सभागृह, प्रशासकच स्थायी समिती. हरकत कोणाकडे, तर ज्याने प्रस्ताव आणला त्याच्याकडेच. नगरसेवक निदान मतांना तरी घाबरतो. आरेची कारशेड 2020 मध्ये कांजूरमार्गला कोणी नेली? सरकारने. 2022 मध्ये परत कोणी आणली? पुढच्या सरकारने.

मुठाकाठ
इथेही राजकारण आलंच! असो. मला एवढंच म्हणायचंय की झाडं तोडतच नाहीयेत, पुनर्रोपण करतायत. मग एवढा आरडाओरडा कशाला?

बोर्डोपेस्ट
पुनर्रोपण म्हणे! मुळांचा गोळा बुंध्याच्या आठ ते दहा पट रुंद लागतो. एक फूट जाडीच्या झाडाला अडीच-तीन मीटर. मीटरभर खोल धरला तर मातीच दहा टन भरते. तेवढी क्रेन गल्लीत येत नाही, म्हणून ठेकेदार दीड मीटरवरच जेसीबी लावतो. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं बाहेरच्या भागात असतात. ती सगळी खड्ड्यातच राहतात.

नीट करायचं तर दोन-तीन महिने आधी अर्ध्या वर्तुळात चर खणायचा, मुळं धारदार करवतीने कापायची, कंपोस्ट-माती भरायची, नवी मुळं फुटू द्यायची, मग उरलेला अर्धा चर. इथे मंजुरी सोमवारी आणि क्रेन गुरुवारी. तीही मे महिन्यात.

मुठाकाठ
मग नव्या जागी पालवी फुटलेले फोटो येतात ते काय फोटोशॉप?

बोर्डोपेस्ट
पालवी खोडात साठवलेल्या अन्नावर फुटते. मुळं मेली तरी दोन-तीन महिने हिरवं दिसतं, आणि अहवालाचा फोटो नेमका तेव्हाच काढतात. दोन उन्हाळे गेल्यावर मोजा. वड, पिंपळ, उंबर चिवट असतात, तगतात. जुना आंबा हलवणं म्हणजे त्याचे दिवस भरणं. त्यात आपल्या टेकड्यांवर फूट-दोन फुटांखाली मुरूम, गोळा उचलतानाच फुटतो.

टेकडीवाला
हेच सगळं सुनावणीत सांगितलं की अधिकारी घड्याळ बघतात. बाहेर दोनशे लोक उभे असले की मात्र खुर्च्या मिळतात, पाणी मिळतं, शेवटपर्यंत ऐकूनही घेतात.

आवक-जावक
बरं, साखळीमुळे पाणी मिळतं. मान्य. पण त्या दोनशेंपैकी किती जणांच्या हातात पोच असते? मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीतही तेच. गणसंख्येची अट नाही, दहा माणसं आली तरी सुनावणी वैध. घोषणा देऊन बहिष्कार टाकलात तर तुमच्याशिवाय इतिवृत्त तयार होतं. ते शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तेव्हा थांबायचं, आपला मुद्दा गाळला असेल तर तिथेच उभं राहून बोलायचं, चित्रीकरणात येतं. पुढे पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित लवादात (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायालयच ते) अपिलाला 30 दिवस, सबळ कारण दिलंत तर आणखी 60. त्यानंतर दार बंद. मोर्चेवाले साधारण नव्वदाव्या दिवशी वकील शोधायला लागतात.

टेकडीवाला
एकदा तरी टोमणा न मारता माहिती द्या की राव. घेराचा मुद्दा मात्र उचलतोय. पुढच्या साखळीत शंभर टेप वाटतो, सगळे आपापलं झाड मोजूनच हात धरतील. खूश?

आवक-जावक
यादीतला क्रमांकही लिहून घ्यायला सांगा. खूश नाही, पण चालेल.

मतदारयादी
आणि नगरसेवक?

मुठाकाठ
ते राहू द्या हो. बोर्डोपेस्ट, ते आठ पट बुंध्याच्या घेराच्या की व्यासाच्या?

बोर्डोपेस्ट
व्यासाच्या. घेर धरलात तर गोळा साडेसात मीटरचा होईल, तो ठेवायला आख्खा चौक लागेल.