रॉचेस्टर, न्यूयॉर्क राज्य: भाड्याने घर कुठे बघावं?

मृण्मयी_प: नवऱ्याला रॉचेस्टर विद्यापीठाच्या हॉस्पिटलात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळालंय. ऑगस्टमध्ये पुण्याहून निघतोय. लेक दोन वर्षांची. दोन बेडरूमचं घर हवंय, बजेट १४०० डॉलर, त्यावर जमणार नाही. सुरुवातीला गाडी नसेल. कुठला भाग बरा?

वेबस्टरकर: पिट्सफर्ड उपनगर. डोळे मिटून. शाळा एक नंबर, ईरी कालव्याच्या काठाने फिरायला झकास. आम्ही आधी वेबस्टरला होतो, आता पिट्सफर्डला चार बेडरूम, तळघर फिनिश केलेलं. भाड्यात पैसे घालवू नका, सरळ विकत घ्या.

शेवगा: दादा, बजेट वाचलंत का? पोस्टडॉकवाल्यांना काय विकत घ्यायला सांगताय! आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल दाखवा की त्यांना, डोळे पांढरे होतील.

थंडोबा: बर्फाचं कुणी बोललंच नाही. ओंटारियो सरोवराची कृपा, वर्षाला सरासरी १०० इंच. स्नो टायर घ्याच. मी घेतले नव्हते, पहिल्याच डिसेंबरात गाडी खड्ड्यात.

शेवगा: त्यांच्याकडे गाडीच नाहीये.

जुना_निगेटिव्ह: मरणपंथाला लागलेल्या शहरात कशाला जाताय? १९५० मध्ये लोकवस्ती ३ लाख ३२ हजार होती, २०२० मध्ये २ लाख ११ हजार. कोडॅक झोपलं, शहर झोपलं.

लेन्सवाला: झोपलं कुठे? पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसनने १९७५ मध्ये इथेच बनवला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे त्यांनी डिजिटल कॅमेरे विकलेही भरपूर, पण फिल्म आणि प्रिंटच्या कागदावर सुटायचा तसा नफा त्यात नव्हता. १९८२ च्या सुमारास इथे ६० हजार माणसं कामाला होती, २०१२ मध्ये दिवाळखोरी. तरी सिनेमाची फिल्म अजून इथेच बनते. आज सगळ्यात जास्त नोकऱ्या विद्यापीठ आणि त्याच्या हॉस्पिटलांत आहेत, म्हणजे ताईंचे मिस्टर जातायत तिथेच.

जुना_निगेटिव्ह: तेच म्हणतोय मी, झोपलं.

ओवी: अवांतर थांबवा. मृण्मयी, लहान मूल आहे म्हणून सांगते. शहरातली बरीच घरं १९७८ च्या आधीची, जुन्या रंगात शिसं असतं. खिडक्यांच्या चौकटींवरचे पोपडे मुलं तोंडात घालतात. भाड्याच्या घरांसाठी शहराचा शिशाबाबत कायदा आहे. मालकाकडे सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, म्हणजे घर राहण्याजोगं असल्याचा शहराचा दाखला मागा, चालू तारखेचा. टाळाटाळ केली तर ते घर सोडा.

वेबस्टरकर: म्हणून तर म्हणतो, पिट्सफर्ड. देऊळही जवळ, पिनॅकल रोडला.

शेवगा: +१ ओवी. ब्रायटन बघा, हॉस्पिटलला लागून आहे, बसही मिळते. १४०० मध्ये नशीब लागेल.

थंडोबा: हेन्रिएटा. भारतीय किराणा तिथेच. स्नो टायर मात्र घ्या.

मृण्मयी_प: सगळ्यांचे आभार. माउंट होप भागात एका जुन्या घराचा वरचा मजला ठरवतोय, १३५०. हॉस्पिटलला चालत जाता येतं, हायलंड पार्कही जवळ. सर्टिफिकेट मागितलं, मालकाने लगेच पाठवलं. शाळेचं लेक पाच वर्षांची झाल्यावर बघू.

वेबस्टरकर: माउंट होप म्हणजे स्मशान आहे हो! शहरात कुणी राहतं का?

ओवी: त्याच दफनभूमीत गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस आणि बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुसान अँथनी आहेत. १८७२ मध्ये बायकांना मताचा हक्क नसताना अँथनीबाईंनी इथे मत दिलं म्हणून अटक झाली, १०० डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. असे शेजारी पिट्सफर्डला मिळतील?

लेन्सवाला: पार्किंग मिळतंय का ते विचारलंत? पुढे गाडी घ्याल तेव्हा लागेल. बऱ्याच रस्त्यांवर रात्री एकाआड एक बाजूला गाडी लावायची असते, नाहीतर दंड. आणि हा मात्र भरावा लागतो.